गतिरोधक नळी, लवचिक

मोटारगाडीच्या द्रवीय गतिरोधक यंत्रणेत सांगाड्यावरील धातूची दृढ नळी व चाकाजवळील सिलिंडर यांना जोडणारी रबरी नळी. गतिरोधकाला व्यवहारात सर्वत्र ब्रेक म्हणतात आणि या नळीला कारागीर ‘ब्रेकचा होज पाइप’ किंवा नुसते ‘होज’ म्हणतात. गाडी चालत असताना चाके स्प्रिंगांवर खालीवर होत असतात व पुढची चाके वळणावर डावीउजवीकडे फिरतात. सांगाडा मात्र त्यांच्याबरोबर हलत नाही. या दोहोंमध्ये धातूची नळी बसविली, तर ती वारंवार वाकून थोड्याच काळात तुटेल. म्हणून दाब पोहोचविणाऱ्या मार्गाचा शेवटचा २५ ते ४० सेंमी. लांबीचा भाग लवचिक ठेवावा लागतो. संपूर्ण यंत्रणेतील हा सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत आधी जीर्ण होणारा भाग होय. तो चाकामागे, चिखल व धुळीत दडलेला असल्याने त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत या दुर्लक्षाची किंमत मोठी असते.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांत गतिरोधक दांडे व तारा यांनी ओढले जात. चारही चाकांवर सारखा जोर पडेल अशी त्यांची जुळणी टिकवणे अवघड असे. द्रवाच्या साहाय्याने हा जोर पोहोचविण्याच्या पद्धतीचे एकस्व माल्कम लॉकहीड यांना १९१७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ मध्ये आपल्या गाडीच्या चारही चाकांना द्रवीय गतिरोधक बसविले, तर १९२४ मध्ये क्राइस्लर गाडीमुळे ही पद्धत सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. द्रवीय पद्धत यशस्वी होण्यास दाब सहन करणारी आणि तरीही वाकणारी नळी उपलब्ध होणे ही एक महत्त्वाची अट होती. भारतात हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर (१९५७–२०१४), मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० व तिचेच १९७४ नंतरचे प्रीमियर पद्मिनी हे रूप, तसेच १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या सर्व गाड्यांत द्रवीय गतिरोधक होते. या गाड्यांचे उत्पादन थांबले असले, तरी हौसेने किंवा गरजेने जपलेल्या अशा गाड्या अजून आढळतात.

कार्य : बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्काल यांच्या नियमावर ही यंत्रणा आधारलेली आहे. चालकाने पायपट्टी दाबली की मास्टर सिलिंडरातील दट्ट्या पुढे सरकतो. त्याने ढकललेला द्रव नळ्यांवाटे चाकांच्या सिलिंडरांत जाऊन तेथील दट्ट्ये बाहेर सारतो व त्यामुळे घर्षणपट्ट्या ड्रमवर किंवा डिस्कवर दाबल्या जातात. हा दाब किती असतो, याची कल्पना एका साध्या हिशोबाने येईल. पायाने २० किग्रॅ. जोर लावला व पायपट्टीच्या तरफेने तो पाचपट झाला, तर दट्ट्यावर १०० किग्रॅ. जोर येतो. मास्टर सिलिंडराचा अंतर्व्यास २२ मिमी. असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सु. ३·८ चौ. सेंमी. भरते व द्रवातील दाब दर चौ. सेंमी.ला सु. २६ किग्रॅ. होतो. अचानक संकट उभे राहिले की चालक ६० किग्रॅ.पर्यंतही जोर लावतो. तेव्हा हाच दाब सु. ७९ किग्रॅ. होतो, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या जवळजवळ चाळीसपट. यावरून असे दिसते की, जीर्ण नळीवर सर्वाधिक ताण नेमका त्या क्षणी येतो, ज्या क्षणी गाडी थांबणे सर्वाधिक आवश्यक असते. रोजच्या सौम्य वापरात टिकलेली नळी अशा वेळी फुटू शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वरील सिलिंडरात दट्ट्या ३ सेंमी. सरकला, तर केवळ ११ घ. सेंमी.च्या आसपास द्रव पुढे ढकलला जातो. नळीच्या भिंती मऊ पडून फुगू लागल्या की या थोड्याशा द्रवापैकी काही भाग त्या फुगवट्यातच सामावतो. परिणामी पायपट्टी अधिक खाली जाते, स्पंजासारखी लागते आणि चाकापर्यंत पोहोचणारा जोर उशिरा व कमी मिळतो.

रचना : नळीचे सामान्यतः तीन थर असतात. सर्वांत आतला थर द्रवाच्या संपर्कात राहणाऱ्या कृत्रिम रबराचा असून त्याचा अंतर्व्यास सु. ३ मिमी. असतो. त्यावर रेयॉन, पॉलिएस्टर यांसारख्या बळकट धाग्यांची एक किंवा दोन पदरी वीण असते. दाब सोसण्याचे काम मुख्यतः ही वीण करते. सर्वांत बाहेरचा थर ऊन, ओझोन, पाणी व घर्षण यांपासून विणीचे रक्षण करतो. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या यंत्राने दाबून बसविलेल्या असतात. त्यामुळे गळकी किंवा सैल टोपी हाताने पुन्हा बसविता येत नाही. पूर्ण नळीच बदलावी लागते. अमेरिकी सुरक्षा मानकानुसार या मापाच्या नव्या नळीने दर चौ. सेंमी.ला सु. २८० किग्रॅ. दाब दोन मिनिटे सोसला पाहिजे व सु. ४९० किग्रॅ. दाबाच्या आत ती फुटता कामा नये. याशिवाय तिला ३५ तास सतत फिरवत वाकविण्याची चाचणी घेतात. भारतातही या नळ्यांसाठी मानक ठरलेले आहे. नव्या नळीतील बळ गरजेच्या कित्येक पट असते. जुनी नळी निकामी होते ती हे बळ काळाच्या ओघात संपल्यामुळे.

ज्या गाड्यांत मागील आस अखंड असते, त्यांत साधारणतः तीन लवचिक नळ्या आढळतात : पुढच्या प्रत्येक चाकास एक आणि सांगाड्यापासून मागील आसापर्यंत एक. मागील नळीतून गेलेला द्रव आसावरील धातूच्या नळ्यांनी दोन्ही चाकांना वाटला जातो. ही नळी गाडीच्या पोटाखाली असल्याने ती तपासण्यातून हमखास निसटते.

जीर्णतेची कारणे : (१) उष्णता व ओझोन. रबराचे रेणू हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांमुळे हळूहळू बदलतात. ताण पडलेल्या, वाकलेल्या जागी बारीक भेगा पडतात. ढोबळमानाने तापमान १०° से.ने वाढले की ही क्रिया दुपटीच्या आसपास वेगाने होते. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से.च्या वर जाते. तापलेला डांबरी रस्ता व ब्रेकची स्वतःची उष्णता यांमुळे चाकाजवळील नळी त्याहून अधिक तापते. (२) चिखल व खडी. या भागातील काळी माती पावसाळ्यात चाकाच्या कमानीत थापली जाते व पुढे वाळून दगडासारखी कठीण होते. चाक वळताना नळी अशा ढेपेवर घासत राहिली की बाहेरचा थर झिजून वीण उघडी पडते. मग विणीत ओल शिरून धागा कुजतो व टोपी गंजते. (३) द्रवातील पाणी. ब्रेकचा द्रव, ज्याला बाजारात ब्रेक ऑइल म्हणतात, तो वस्तुतः तेल नसून ग्लायकॉल वर्गातील आर्द्रताशोषक द्रव आहे. प्रचलित ३ क्रमांकाच्या प्रकारचा कोरड्या अवस्थेतील उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, सु. ३·७ टक्के पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४०° से. मानतात. ४ क्रमांकाच्या प्रकारासाठी हेच आकडे २३०° व १५५° से. आहेत. (४) खनिज तेलाची भेसळ. ‘ऑइल’ या नावामुळे फसून कोणी टाकीत इंजिनाचे किंवा इतर खनिज तेल ओतले, तर आतील रबर फुगते व नळीचा मार्ग अरुंद होतो; सिलिंडरांतील रबरी वाट्याही निकामी होतात. अशा वेळी केवळ द्रव बदलून भागत नाही, सर्व रबरी भाग बदलावे लागतात. (५) दीर्घकाळ उभी राहणे. क्वचितच बाहेर काढल्या जाणाऱ्या गाडीने कमी अंतर कापलेले असते. पण नळीचे वय अंतरावर नव्हे, तर मुख्यतः वर्षांवर मोजावे लागते. उभ्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात, हाही अनुभव खेड्यापाड्यांत नवा नाही.

दोष व लक्षणे : नळीचे दोष तीन प्रकारचे असतात. पहिला गळती : टोपीजवळ ओलसरपणा, चाकाच्या आतील बाजूस द्रवाचे ओघळ, टाकीतील पातळी खाली जाणे. दुसरा फुगवटा : दाब दिल्यावर नळीचा एखादा भाग गाठीसारखा वर येणे. तेथील वीण तुटलेली असते आणि अशी नळी एक दिवसही वापरू नये. तिसरा दोष फसवा असतो. आतील थर सुजून किंवा त्याचा पापुद्रा सुटून तो झडपेसारखा वागू लागतो. पायाचा जोर मोठा असल्याने द्रव चाकाकडे जातो. परंतु पाय उचलल्यावर त्याला परत ढकलणारा जोर केवळ स्प्रिंगचा असल्याने तो परत येत नाही. चाक धरून राहते, ड्रम तापतो, गाडी एका बाजूस ओढते, इंधन अधिक लागते. बाहेरून मात्र नळी अगदी चांगली दिसते. यामुळे पुष्कळदा दोष चाकाच्या सिलिंडराचा समजून तो बदलला जातो व त्रास कायम राहतो.

या तिसऱ्या दोषाचे निदान पद्धतशीरपणे करता येते. संशयित चाक उचलून पायपट्टी दाबून सोडावी. चाक हाताने फिरत नसेल, तर प्रथम सांगाड्यावरील दृढ नळीचा सांधा किंचित सैल करावा. त्यासरशी चाक सुटले, तर दाब वरच्या बाजूस, म्हणजे मास्टर सिलिंडरात अडकत होता असे समजावे. सांधा सैल करूनही चाक घट्ट राहिले व नंतर चाकाजवळील हवा काढण्याचा निपल उघडल्यावर द्रव उसळून चाक सुटले, तर अडथळा या दोहोंमधील लवचिक नळीतच आहे. निपल उघडूनही चाक सुटले नाही, तर दोष सिलिंडर, स्प्रिंग किंवा घर्षणपट्ट्यांच्या जुळणीत शोधावा.

एकमंडली यंत्रणेतील धोका : जुन्या पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत मास्टर सिलिंडरात एकच दट्ट्या असून चारही चाके एकाच द्रवमंडलावर असतात. अशा गाडीची एक नळी फुटली की तेथून सर्व द्रव बाहेर पडतो व चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नंतरच्या गाड्यांतील दुहेरी सिलिंडरामुळे दोन स्वतंत्र मंडले होतात व एक निकामी झाले तरी दुसरे काही अंशी काम देते. म्हणून आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे जुन्या गाडीच्या मालकाने सर्वप्रथम जाणून घेतले पाहिजे.

नांदेड हे गोदावरीच्या खोऱ्यात, तर लातूर बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. दोहोंना लोहा, अहमदपूर व चाकूर या मार्गाने जोडणारा रस्ता (राष्ट्रीय महामार्ग ३६१) चढउताराचा आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या गडावरून यात्रेकरूंनी भरलेल्या गाड्या तीव्र उतारावरून खाली येतात. अशा उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास जुन्या, पाणी शोषलेल्या द्रवाची वाफ होते व पायपट्टी निकामी वाटते. हा दोष गाडी थंड झाल्यावर बहुधा नाहीसा होतो. नळी फुटल्यास मात्र पायपट्टी तळाला जाऊन तेथेच राहते. दोन्ही प्रसंगी चालकाने पायपट्टी झपाट्याने पुनःपुन्हा दाबून पाहावी, क्रमाने खालचे गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने वेग कमी करावा आणि हस्त गतिरोधक एकदम न खेचता टप्प्याटप्प्याने ओढावा. तो तारेने चालत असल्याने द्रव गेल्यावरही मागील चाकांवर काम करतो. इंजिन बंद करू नये. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे हा दोन्ही दोषांवरील सोपा उपाय होय.

तपासणी : गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून न उचललेल्या चाकांना उटी लावावी. जॅकने उचलल्यावर सांगाड्याखाली पक्की घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या, दगडांच्या किंवा विटांच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. नळीवरील माती पाणी व फडक्याने काढावी. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरू नये, कारण त्यांनी रबर खराब होते. नंतर नळी हलकेच वाकवून प्रकाशात तिची पाठ पाहावी. भेगा, चकाकणारा गुळगुळीतपणा, कडकपणा, चिकट मऊपणा, टोपीजवळचा गंज यांपैकी काहीही आढळल्यास नळी बदलावी. मदतनिसाला पायपट्टी जोराने दाबून धरण्यास सांगून प्रत्येक नळीच्या पूर्ण लांबीवरून नजर फिरवावी. पुढची चाके दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून नळी टायरला, स्प्रिंगला किंवा मातीच्या ढेपेला घासत नाही ना, ते पाहावे. स्प्रिंग बसल्या असतील किंवा बदलल्या असतील, तर नळीची लांबी पुरेशी आहे की ताणली जाते, हेही तपासावे. ही तपासणी उन्हाळ्याच्या आरंभी व पावसाळा संपल्यावर, अशी वर्षातून दोनदा करणे इष्ट ठरते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व पुढे तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. एम. एच. २४ (लातूर) व एम. एच. २६ (नांदेड) या क्रमांकांच्या जुन्या गाड्यांनाही हे लागू आहे. मात्र अशा तपासणीत गाडी त्या दिवशी नीट थांबते की नाही, हे मुख्यतः पाहिले जाते. आतून सुजलेली किंवा वीण कुजत आलेली नळी त्या दिवशी काम देऊ शकते. त्यामुळे योग्यतेचा कागद हाती असणे म्हणजे नळ्या निर्धोक असणे नव्हे.

बदलण्याची पद्धत : नवी नळी घेताना तिच्यावरील मानकचिन्ह व निर्मितीचा काळ पाहावा; दुकानात कित्येक वर्षे पडून राहिलेली नळी नवी मानू नये. लांबी व टोकांचे आटे जुन्या नळीशी ताडून पाहावेत. ब्रिटिश मूळ आराखड्याच्या गाड्यांत इंची, तर इटालियन मूळ आराखड्याच्या गाड्यांत मेट्रिक आटे असतात. ३/८ इंच (९·५ मिमी.) व १० मिमी. हे आटे डोळ्यांना सारखे दिसतात आणि एक-दोन फेरे एकमेकांत बसतातही. जोर लावून ते घट्ट केल्यास आटे मारले जातात व दाबाखाली सांधा सुटतो. नळ्या जोडीने व शक्य तर तिन्ही एकदम बदलाव्यात. एकाच वयाच्या नळ्यांपैकी एक गेली, तर इतरांचेही आयुष्य संपत आलेले असते. शिवाय एकाच बाजूची नळी नवी असल्यास गाडी ब्रेक दाबताना एकीकडे ओढण्याचा संभव असतो.

जुन्या घडणीच्या नळीचे एक टोक चाकाच्या सिलिंडरात आट्यांनी बसते व दुसरे टोक सांगाड्यावरील पट्टीतून जाऊन नटाने किंवा चापाने अडकविलेले असते. काढताना प्रथम नळीचे षट्कोनी टोक एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने दृढ नळीचा नट सोडवावा. टोक न धरल्यास धातूची नळी पिळली जाऊन तुटते. नंतर पट्टीवरील नट किंवा चाप काढून टोक मोकळे करावे आणि शेवटी संपूर्ण नळी फिरवून सिलिंडरातून काढावी. बसविताना क्रम उलटा असतो : आधी नवी तांब्याची चकती घालून सिलिंडरातील टोक घट्ट करावे, मग दुसरे टोक पट्टीत घालून नळीला पीळ पडणार नाही असे धरून अडकवावे व अखेरीस दृढ नळीचा नट प्रथम बोटांनी व नंतर पान्याने आवळावा. नळीवर रंगीत रेघ असल्यास ती सरळ राहिली पाहिजे. द्रव थांबविण्यासाठी नळी पकडीने चिमटू नये, त्याने आतला थर चिरतो. डिस्क ब्रेकचा जड भाग नळीवर लोंबू न देता तारेने बांधून ठेवावा. द्रव रंगावर सांडल्यास तो लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उठतो.

सांधे उघडल्याने आत हवा शिरते. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून ती पूर्णपणे काढणे अत्यावश्यक असते. मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. उजव्या बाजूस चालक असलेल्या गाडीत ते सामान्यतः मागील डावे चाक होय. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील द्रवात बुडवावे. मदतनिसाने पायपट्टी दाबल्यावर निपल उघडावा व ती तळाला असतानाच बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे व टाकीतील पातळी सतत राखावी. बाहेर आलेला द्रव पुन्हा वापरू नये. सीलबंद डब्यातील, गाडीस योग्य त्या क्रमांकाचाच द्रव घालावा.

शेवटी पायपट्टी जोराने दाबून एक मिनिट धरावी. ती हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे. सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून पाहावेत, चाके दोन्ही बाजूंस वळवून नळीची वाट तपासावी आणि मोकळ्या, सपाट जागी मंद वेगाने चाचणी घेतल्यानंतरच गाडी रस्त्यावर आणावी. थोड्या दिवसांनी सांधे पुन्हा एकदा पाहावेत. आटे खराब झालेले असल्यास, धातूची नळी गंजलेली असल्यास किंवा पायपट्टी घट्ट होत नसल्यास हे काम अनुभवी कारागिराकडे सोपवावे.

टेफ्लॉनच्या अंतर्नळीवर अगंज पोलादाच्या तारेची वीण असलेल्या नळ्याही मिळतात. त्या कमी फुगतात व अधिक टिकतात. परंतु तारेच्या विणीमुळे आतील दोष दिसत नाही आणि ती इतर भागांवर घासल्यास ते भाग कापले जातात. त्यामुळे नळी कोणत्याही प्रकारची असली, तरी तिची नियमित तपासणी टाळता येत नाही.